रांधणे, आंबणे, विरघळणे : एक प्रस्तावना

द्रव्य तेच राहून केवळ त्याचे रूप, आकार किंवा अवस्था पालटली तर तो भौतिक बदल, आणि मूळ द्रव्य नाहीसे होऊन त्याच्या जागी निराळ्या गुणधर्मांचे नवे द्रव्य उत्पन्न झाले तर तो रासायनिक बदल, ही व्याख्या आपल्या शालेय पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून व्याख्या म्हणून तिच्यात दोष काढण्याजोगे काही नाही. दोष आहे तो तिच्या पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या वाक्यात. जो बदल उलटवता येतो तो भौतिक समजावा आणि जो उलटवता येत नाही तो रासायनिक समजावा, असे ते वाक्य सांगते. बर्फ वितळले व पुन्हा गोठले, मीठ विरघळले व पाणी आटवून पुन्हा हाती आले, लाकूड जळले ते मात्र परत येईना, एवढ्या तीन दाखल्यांवर ही कसोटी सहज उतरते, आणि मुलांच्या वहीत दोन रकाने आखून त्यांत पदार्थांची नावे भरण्याचे काम निर्वेधपणे पार पडते. पण हेच दोन रकाने घेऊन भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही घराच्या स्वयंपाकघरात गेले, की पहिल्याच पदार्थापाशी, म्हणजे भातापाशी, सारे अडते.

या पुस्तकातील बहुतेक उदाहरणे त्या जिल्ह्यातून घेतली आहेत ती केवळ प्रादेशिक अभिमानापोटी नव्हेत. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला हा मुलूख मुख्यतः धानाचा. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा निराळा जिल्हा होईपर्यंत त्याची हद्द आजच्या दुपटीहून मोठी होती, आणि त्या साऱ्या हद्दीतील शेती तलावांच्या आधाराने उभी राहिलेली होती. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतांतील जातिजमातींच्या बृहद्‌ग्रंथात कोहळी समाजाचे वर्णन करताना तलाव बांधण्यातील आणि ऊस पिकवण्यातील त्यांच्या नैपुण्याची आवर्जून नोंद केली आहे. मालगुजारी, म्हणजे येथील जुनी जमीनदारीची पद्धत, १९५१ साली संपुष्टात आली तरी सरकारी दफ्तरात हे तलाव अद्याप ‘माजी मालगुजारी’ म्हणूनच नोंदलेले असतात, आणि लोक त्यांना सरळ मामा तलाव म्हणतात. या पाण्यावर धान व ऊस होतो, पाण्यात शिंगाडा होतो, धान निघण्याच्या सुमारास ओल्या बांधीत लाखोळी फेकली जाते, जंगलाच्या कडेला मोहाची झाडे आहेत, आणि खुद्द भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी विख्यात आहे. पिकणे, रांधणे, आंबणे, गाळणे आणि ज्या भांड्यात हे सर्व होते ते भांडे घडणे, असा अन्नव्यवहाराचा संपूर्ण पट ज्या प्रदेशात एकत्र सापडतो, तेथील स्वयंपाकघर सोडून प्रयोगशाळेतील मॅग्नेशियमच्या फितीकडे मुलांना नेण्याचे प्रयोजन मला तरी दिसत नाही.

आता भाताविषयी. कच्चा तांदूळ आणि शिजलेला भात यांत दृष्टीला, स्पर्शाला व रुचीला जाणवणारा भेद एवढा मोठा आहे, आणि भाताचा पुन्हा तांदूळ करणे इतके अशक्य आहे, की बहुतेक पुस्तके ‘अन्न शिजणे’ हा बदल डोळे मिटून रासायनिक रकान्यात टाकतात. हा निवाडा मला मान्य नाही. पांढऱ्या तांदळाचा सुमारे चार पंचमांश भाग पिष्टाचा असतो, आणि पिष्ट म्हणजे ग्लुकोजचे असंख्य कण एकापुढे एक जोडून झालेल्या दीर्घ साखळ्या, ज्यांतील सरळ साखळ्यांस अमायलोज आणि फांद्या फुटलेल्यांस अमायलोपेक्टिन म्हणतात. साखळीतील एका कणाने दुसऱ्याला धरून ठेवलेले असते तो बंध बळकट असतो. परंतु एक साखळी शेजारच्या साखळीला चिकटून राहते ती हायड्रोजन बंधांच्या दुबळ्या आकर्षणाने. पाणी तापत तापत साधारणतः ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोहोचले की हे दुबळे बंध सुटू लागतात, त्यांच्या फटींतून पाणी आत शिरते, दाणा फुगतो, मऊ होतो, आणि ज्याला आपण शिजणे म्हणतो ते घडते. कापणीनंतर घट्ट बांधलेल्या धानाच्या पेंढ्या सोडून खळ्यावर पसरल्या तर ढिगाचा आकार पार पालटतो, पण काडी एकही मोडलेली नसते, तद्वतच येथे साखळ्या मोकळ्या होतात, तुटत नाहीत. द्रव्य पिष्टच होते व पिष्टच राहिले.

याचा पुरावा कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतो. टिंक्चर आयोडीन पाण्यात सौम्य करून त्याचा थेंब कच्च्या तांदळाच्या पिठावर टाकला तर निळा-जांभळा रंग उमटतो, आणि निवालेल्या भाताच्या शितावर टाकला तरी तोच उमटतो. उलट तेच शीत तोंडात घेऊन सावकाश चघळत राहिले तर काही वेळाने त्याला गोडसर चव येते, आणि मग मात्र आयोडीनचा निळेपणा उत्तरोत्तर फिका पडत जातो, कारण लाळेतील अमायलेज नावाच्या विकराने साखळ्यांचे बळकट बंध तोडून पिष्टापासून माल्टोज ही शर्करा निर्माण करण्यास आरंभ केलेला असतो. जाळ, वाफ, खदखद आणि उतू जाणे या साऱ्या गडबडीत चुलीवर जे घडले नाही ते जिभेवर निमूटपणे घडले.

भाताची कैफियत येथे संपत नाही. रात्रीचा उरलेला भात सकाळी ताठर लागतो तो सुकल्यामुळेच असे नव्हे, झाकून ठेवला तरी तो ताठर होतोच, कारण निवताना मोकळ्या झालेल्या साखळ्या अंशतः पुन्हा एकमेकींस बिलगतात. त्याला वाफ दिली की त्या पुनश्च सुटतात व भात मऊ होतो. म्हणजे ज्या बदलाला आपण अपरिवर्तनीय समजत होतो तो अर्धामुर्धा उलटतो आणि पुन्हा सुलटतो. आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवावी. नव्या तांदळाचा भात गिचका होतो आणि वर्षभर ठेवलेल्या तांदळाचा मोकळा फडफडीत होतो, हे धान पिकवणाऱ्या मुलखात कोणाला सांगावे लागत नाही, म्हणून पाहुण्यांसाठी जुना तांदूळ राखून ठेवण्याची वहिवाट आहे. कणगीत पडलेल्या त्या दाण्याला न पाणी लागले, न जाळ. तरीही त्या काळात त्यातील स्निग्धांशाचे विघटन होऊन मेदाम्ले सुटी होतात, प्रथिनांतील गंधकाच्या अणूंमध्ये नवे बंध जुळतात, आणि हे बदल शंभर टक्के रासायनिक असतात. तेव्हा आग दिसली की रसायन, आणि स्वस्थता दिसली की काहीच नाही, हा आपला सहजसमज अन्नाच्या बाबतीत कितपत विश्वसनीय आहे याचा विचार वाचकाने करावा.

शिजण्यात रासायनिक अंश मुळीच नाही असे माझे म्हणणे नाही. तांदळातील अल्पस्वल्प प्रथिने उष्णतेने उलगडतात व गोठतात, आणि पातेल्याच्या बुडाशी लागलेली तांबूस खरवड तर निःसंशय रासायनिक आहे, कारण शर्करा व प्रथिनांचे घटक यांच्या संयोगाने होणारी ती प्रक्रिया फ्रेंच संशोधक लुई कामिय मायार याने १९१२ साली वर्णिली, आणि भाकरीवरचे डाग, भाजलेल्या दाण्यांचा वास, फोडणीतील कांद्याचा तांबडा रंग हे तिचेच प्रताप होत. चिन्नोरसारख्या सुवासिक तांदळाचा घमघमाट मात्र चुलीवर जन्मत नाही. तो देणारे द्रव्य रोपातच तयार होऊन दाण्यात साठलेले असते, आणि पातेल्याचे झाकण उघडताच आपल्याला येतो तो केवळ त्याच्या बाष्पीभवनाचा प्रत्यय. एका पातेल्यात, एकाच अर्ध्या तासात, पिष्टाचे फुगणे भौतिक, सुगंधाचे उडणे भौतिक, प्रथिनांचे गोठणे वादग्रस्त आणि खरवड रासायनिक. मग ‘भात शिजणे’ हे एकच नाव कोणत्या रकान्यात लिहावयाचे? या पुस्तकाची भूमिका एवढीच आहे की हा प्रश्न पदार्थाला विचारूच नये, तो त्या पदार्थाच्या घडणीतील एकेका टप्प्याला विचारावा, आणि प्रत्येक टप्प्यावर ‘परत मिळेल काय?’ असे न विचारता ‘रेणू तोच राहिला काय?’ असे विचारावे.

हा टप्प्याटप्प्याने विचार करण्याचा प्रकार म्हणजे केवळ बौद्धिक चैन नव्हे, याचे गंभीर उदाहरण उसन्या तांदळाचे आहे. धान भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडण्याची ही रीत पूर्व विदर्भातील राईस मिलांत आज यंत्रांनी चालते. तिच्यामुळे दाणा चिवट होतो, भरडताना त्याची कणी कमी पडते, आणि त्याला किंचित पिवळसर छटा येते. पिष्ट फुगणे व पुन्हा आवळणे हा भौतिक भाग, पिवळेपणात मायारच्या प्रक्रियेचा काही अंश. परंतु सर्वांत महत्त्वाची घटना तिसरीच आहे आणि ती डोळ्यांना अगोचर आहे : कोंड्याच्या थरात असलेले ब-१ जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, वाफेच्या योगे दाण्याच्या गाभ्याकडे सरकते आणि तेथे अडकून राहते, ज्यामुळे पुढे कोंडा काढून टाकला तरी ते पुष्कळ अंशी शिल्लक उरते. जावा बेटात क्रिस्तियान आइकमान याने कोंबड्यांना सडीक तांदूळ घालून बेरीबेरीसदृश रोग कसा होतो व कोंड्याने कसा बरा होतो हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात दाखवले, आणि त्याबद्दल त्याला १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मलायात डॉक्टर ब्रॅडन याने विसाव्या शतकाच्या आरंभी असे निदर्शनास आणले की कच्चा सडीक तांदूळ खाणारे चिनी मजूर बेरीबेरीने हातापायांची शक्ती गमावतात, आणि त्याच प्रदेशात उसना तांदूळ खाणारे तमिळ मजूर बहुतांशी निरोगी राहतात. या फरकाच्या मुळाशी नवे औषधी द्रव्य निर्माण झालेले नव्हते. जुनेच द्रव्य चार केसांच्या अंतरावर स्थलांतरित झाले होते, आणि त्या स्थलांतराने माणसे जगली. भौतिक बदल म्हणजे वरवरचा, दुय्यम, फारसा महत्त्वाचा नसलेला बदल अशी जी एक छटा पाठ्यपुस्तकांच्या भाषेतून नकळत मनावर उमटते, ती पुसून टाकण्यास याहून सबळ दाखला मिळणे कठीण.

मुरमुरे, लाह्या आणि पोहे यांचा परामर्श पुढे स्वतंत्र प्रकरणात घेतला असल्यामुळे येथे विस्तार करीत नाही. भडभुंज्याच्या तापलेल्या वाळूत दाण्यातील पाण्याची एकाएकी वाफ होऊन दाणा फुलतो एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

उलटवता येण्याच्या कसोटीची दुसरी बाजूही तितकीच लंगडी आहे, आणि ती दाखवण्यास एक चिमूट हळद पुरते. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला आणि त्यावर साबण लावला की तो पिवळ्याचा तांबडा होतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. तोच डाग भरपूर पाण्याने खळबळला किंवा त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो. साबणाच्या अल्कलीने हळदीतील करक्युमिनच्या रेणूची रचना पालटते, लिंबाच्या आम्लाने ती पूर्ववत होते, आणि हे पुन्हा पुन्हा करता येते. म्हणजे येथे बदल रासायनिक असून पूर्णपणे उलटणारा आहे. शिजलेला भात सहजी उलटत नाही तरी मुख्यतः भौतिक, हळद सहजी उलटते तरी रासायनिक, ही जोडगोळी ज्या विद्यार्थ्याने एकदा मनात नीट बसवली त्याला त्या दुसऱ्या वाक्याची मोहिनी पुन्हा पडणार नाही.

मोहाविषयी लिहिताना लेखणी थोडी अधिक रेंगाळली तर वाचकाने क्षमा करावी, कारण भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात या एका झाडाभोवती अन्न, औषध, देवकार्य, उपजीविका आणि फौजदारी कज्जे यांचे जेवढे जाळे विणले गेले आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या झाडाभोवती असेल, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तर बदलांची इतकी स्पष्ट मालिका अन्यत्र आढळत नाही. वसंतात पहाटेच्या सुमारास मोहाची मांसल, रसाळ फुले टपटप गळतात, ती बायकापोरे टोपल्यांत वेचतात आणि अंगणात वाळत घालतात. वाळताना पाणी उडून जाते हा भौतिक बदल, आणि फूल फिकट पिवळ्याचे काळपट तांबडे होते हा बव्हंशी रासायनिक. सुकलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो, म्हणून ते टिकते, खाता येते, भाकरीत मळता येते आणि गुरांनाही घालता येते. हीच फुले पाण्यात भिजवून मडक्यात काही दिवस ठेवली की फुलांवर असलेले व हवेतून आलेले किण्व त्या शर्करेवर जगू लागते, मडक्यात बुडबुडे उठतात, आणि शर्करेच्या रेणूचे विघटन होऊन मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड ही दोन निराळी द्रव्ये निर्माण होतात. हा खरा रासायनिक टप्पा, आणि तो होतो थंड मडक्यात. हे काम जिवंत किण्वाचे आहे असे लुई पाश्चरने १८५७ च्या सुमारास प्रतिपादिले. पुढे १८९७ साली एदुआर्द बुख्नर याने किण्व वाटून काढलेल्या निर्जीव रसानेही शर्करा आंबते हे सिद्ध करून त्या कामामागील विकरांचा छडा लावला आणि १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले.

त्यानंतर भट्टी. आंबलेले मिश्रण मडक्यात तापवतात, मद्यार्क सुमारे ७८ अंशांना उकळणारा असल्याने त्याचा अंश वाफेत अधिक प्रमाणात जातो, ती वाफ थंड करून दुसऱ्या भांड्यात उतरवतात. या खटपटीत नवे द्रव्य म्हणून जवळजवळ काहीच जन्मास येत नाही, असलेले वेगळे काढले जाते एवढेच. धूर, वास, रात्रीची लपवाछपवी आणि शिपायाची धाड हे सारे ज्या भट्टीभोवती घडते ती शास्त्रदृष्ट्या केवळ गाळणी आहे, आणि गुन्हाच म्हणावयाचा तर तो अगोदर अनेक दिवस कोपऱ्यातल्या मडक्यात घडून चुकलेला असतो. या बाबतीत पोलीस दफ्तराला श्रेय द्यावयास हवे, कारण पंचनाम्यातील जप्त मुद्देमालाच्या यादीत मोहाची दारू आणि मोहाचा सडवा, म्हणजे नुसते आंबलेले मिश्रण, यांची नोंद सदैव निरनिराळी केलेली आढळते, आणि हा भेद पुष्कळ शास्त्रशिक्षकांच्या फळ्यावरील भेदाहून नेमका आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने, जो पुढे विदर्भालाही लागू झाला, मोहाच्या फुलांसंबंधी स्वतंत्र कलमे घालून एक पाऊल आणखी मागे जाण्याचा यत्न केला. म्हणजे ज्या टप्प्यावर अद्याप कसलाही रासायनिक गुन्हा घडलेला नाही, त्या वाळलेल्या फुलावरच निर्बंध आणला. त्याने दारू किती थांबली हा प्रश्न निराळा, पण उपाशी दिवसांत ज्यांचा आधार ते फूल होते त्यांच्या मार्गात परवान्याची अडचण उभी राहिली, आणि या गोष्टीकडे निव्वळ रसायनाच्या नजरेने पाहणारालाही ती अन्यायाची वाटल्यावाचून राहत नाही. याच झाडाच्या बियांचे तेल थंडीत थिजते व उन्हाने पातळ होते, हा पुन्हा भौतिक बदल. फार दिवस ठेवल्याने ते खवट होते, हा रासायनिक.

दुधाची वाटचाल प्रत्येकाच्या परिचयाची असल्याने थोडक्यात सांगता येते, तरी तिच्यातील पालट मनोरंजक आहेत. विरजणातील जीवाणू दुधातील शर्करेपासून लॅक्टिक आम्ल करतात आणि त्या आम्लाने दुधातले केसीन गोठते, हा रासायनिक टप्पा. दही घुसळून लोणी काढणे हा भौतिक, कारण तेथे रवीच्या आघाताने स्निग्ध कणांवरील पातळ आवरणे फुटून ते कण एकत्र येतात, त्यांच्या घडणीत काडीचाही फरक पडत नाही. लोणी कढवून तूप करताना पाणी उडते ते भौतिक, तळाशी बेरी तांबूस होते ते रासायनिक, आणि त्या तांबूसपणातूनच तुपाला वास चढतो. थंडीत तूप रवाळ बसते तो पुन्हा भौतिक बदल. सासूच्या हातचे तूप रवाळ आणि सुनेच्या हातचे मेणचट का, याचे उत्तर ते किती सावकाश निवू दिले यात पुष्कळसे असते, आणि त्यात कोणाच्या हाताच्या पुण्याईचा संबंध नाही, हे सांगून मी काही घरांतील सलोखा वाढवीत आहे की बिघडवीत आहे, हे ठरवणे कठीण.

गुऱ्हाळाची हकीकत कोहळ्यांच्या उल्लेखाबरोबर सांगावयास हवी होती, ती येथे सांगतो. रस काहिलीत आटतो हा भौतिक बदल, आणि मळी वर आणण्यासाठी गुळव्या भेंडीच्या झाडाचा चिकट रस व किंचित चुना टाकतो त्यातील चुन्याचे कार्य रासायनिक. उसाच्या रसातील आम्लाने साखरेच्या रेणूचे दोन तुकडे होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज होऊ लागले की ढेप घट्ट बसत नाही, पाझरते, आणि चुना त्या आम्लाला आवर घालतो. तोडून दोन-चार दिवस पडलेल्या उसाचा गूळ चांगला का होत नाही, याचेही कारण हेच. चहात साखर टाकली तर ती विरघळते, द्रव्य तेच. किंचित लिंबू पिळून पाक उकळत ठेवला तर तीच साखर दुभंगते, आणि म्हणून हलवाई पाकात लिंबू टाकतो, तो बसू नये म्हणून.

भंडाऱ्याच्या पितळेविषयी. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. त्यात पाणी, धान्य, कोरडा खाऊ सुखेनैव राहतो, परंतु ताक, चिंचेचे सार, आंबील अशी आंबट वस्तू कल्हई उडालेल्या भांड्यात घटकाभर राहिली तरी ती कळकते, तिच्या कडेला निळसर-हिरवा ओघळ दिसतो, तोंडाला विचित्र चव येते आणि पोटात मळमळते. आम्ल व हवेतील प्राणवायू यांच्या संयुक्त कृतीने तांब्याचे क्षार तयार होऊन अन्नात उतरले, असा हा निखळ रासायनिक बदल आहे, आणि तो विषारी आहे. त्याला अडवण्यासाठी आपल्या लोकांनी काढलेली युक्ती म्हणजे कल्हई. भांडे तापवून त्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, तो नवसागर उष्णतेने फुटून सुटलेले आम्ल भांड्यावरचा गंजाचा थर खाऊन टाकते, हे झाले रसायन. मग कथील २३२ अंशांना वितळून कापडाच्या बोळ्याने आतून पसरते आणि निवून घट्ट बसते, हे बव्हंशी अवस्थांतर. दारावर कल्हईवाला येणे बंद झाले, स्टीलची भांडी आली, आणि आज पुन्हा हौसेने पितळेची भांडी विकत घेऊन त्यांत सांबार उकळणारी एक नवी पिढी निर्माण झाली आहे, तिने हा परिच्छेद दोनदा वाचावा अशी माझी विनंती आहे.

लाखोळीच्या डाळीचा प्रश्न याहून नाजूक आहे. पाऊस कमी पडला तरी येणारे, कसलीही मशागत न मागणारे हे पीक गरिबाचा आधार म्हणून धानाच्या बांधीत उतेऱ्याने, म्हणजे ओल्या जमिनीत नुसते बी फेकून, पेरले जाते. परंतु दुष्काळात अन्य काही न मिळाल्याने महिनोन्‌महिने केवळ तीच डाळ पोटात गेली तर तिच्यातील एका विषद्रव्यामुळे पायांतील शक्ती जाऊन माणूस कायमचा पांगळा होतो. इंग्रज अधिकारी स्लीमन याने १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या वृत्तान्तात सागरच्या मुलखात आलेल्या अशा एका साथीचे वर्णन केले आहे. हे विषद्रव्य पाण्यात विरघळणारे असल्याने डाळ पुष्कळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून देण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे, आणि ती रीत भौतिक आहे, विष नष्ट करणारी नव्हे, विष बाहेर नेणारी. म्हणून पाणी फेकले नाही तर काहीच साधत नाही, आणि फेकले तरी सर्व विष निघून जाते असे नाही. चांगले शिजवले म्हणजे विष मरते, हे जे अनेक जण सांगतात, त्यात ‘मरणे’ आणि ‘निघून जाणे’ यांची गल्लत आहे, आणि या गल्लतीची किंमत मोजावी लागते ती नेमकी त्या माणसाला, ज्याच्याजवळ पाणी फेकण्यापुरते सरपण व दुसरे धान्य नसते. भौतिक व रासायनिक यांतील फरक केवळ परीक्षेतील दोन गुणांचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी या डाळीचे स्मरण ठेवावे.

पुस्तकाच्या रचनेविषयी दोन शब्द. पुण्याहून १९२८ सालापासून निघालेल्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकाने व तत्पूर्वीच्या आणि नंतरच्या लेखकांनी मराठीत शास्त्र लिहिण्याची जी वहिवाट पाडली, तिला अनुसरून येथे जे शब्द रुळलेले आहेत तेच वापरले आहेत, आणि जेथे घरगुती शब्द पुरेसा नेमका आहे तेथे पारिभाषिक शब्दाचा हट्ट धरलेला नाही. प्रकरणे पदार्थांच्या नावाने आहेत, तत्त्वांच्या नावाने नाहीत, त्यामुळे तीच प्रक्रिया तीन ठिकाणी भेटेल. ही पुनरुक्ती हेतुपुरःसर आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी घरी करण्याजोगे प्रयोग दिले आहेत, त्यांसाठी हळद, लिंबू, कपडे धुण्याचा सोडा, चुना आणि टिंक्चर आयोडीन यांपलीकडे काही लागत नाही. मोहाचा प्रयोग मात्र कागदावरच करावा, कारण किण्वाला कायदा कळत नसला तरी फौजदाराला कळतो. आयोडीन लावलेले शीत कोणी खाऊ नये, कोंबड्यांपुढेही टाकू नये. थेंब टाकण्यापूर्वी भात पुरता निवू द्यावा, कारण वाफाळत्या भातावर निळा रंग धरत नाही, निवाल्यावर आपोआप उमटतो, आणि तेवढा धीर न धरल्यामुळे पिष्टच नाहीसे झाले असा चुकीचा निष्कर्ष काढून मुले पुन्हा त्या रासायनिक रकान्याकडे वळतात.